क्लिनिकल निदान: वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षातले, क्लिनिकल पोस्टिंग नुकतंच सुरू झालेले आणि इंटर्नशिप करणारे विद्यार्थी जे प्रश्न वरचेवर पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, मग अपवाद. वेळ कमी असेल तर ७ आणि ११ एवढे दोन तरी नीट वाचा. बाकीच्या बऱ्याच उत्तरांचा पाया तिथे आहे.

१. रुग्ण म्हणतो दम लागतो, पण छाती तपासली तर काहीच सापडत नाही. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं माना. रुग्णाची तक्रार आणि तुमचा स्टेथोस्कोप वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर ती विसंगतीच एक माहिती आहे. छाती स्वच्छ आणि तरीही दम, अशी जोडी फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यावर दिसते, तीव्र रक्तक्षयात दिसते, मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिसमध्ये दिसते. अ‍ॅसिडोसिसमधला रुग्ण खोल आणि जोरात श्वास घेतो, कारण शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्लता कमी करायचा प्रयत्न करत असतं. त्याचं फुप्फुस निरोगी असतं. आडवं झाल्यावर लगेच दम वाढत असेल तर हृदयाबरोबर डायफ्रॅमच्या अशक्तपणाचाही विचार करा. ‘फंक्शनल आहे’ (म्हणजे शारीरिक दोष सापडत नाही) हे वाक्य या सगळ्यानंतर येतं.

२. हिस्टरीवर एवढा भर का देतात? शेवटी तपासण्या तर करायच्याच असतात.

ब्रिटनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओपीडीत आलेले ८० नवे रुग्ण घेतले होते. त्यांपैकी ६६ जणांचं अंतिम निदान नुसत्या हिस्टरीवरून जे ठरलं होतं तेच निघालं. शारीरिक तपासणीने ७ जणांचं निदान बदललं आणि लॅबच्या तपासण्यांनी आणखी ७ जणांचं. तेव्हापासून तपासण्या कितीतरी सुधारल्या, पण कोणती तपासणी मागायची हे अजूनही हिस्टरीच ठरवते.

हिस्टरीत सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सुरुवात. आजार कसा सुरू झाला आणि किती वेगाने वाढला, यावरून रोगाची जात बरीचशी कळते. क्षणात सुरू झालेला त्रास म्हणजे बहुधा काहीतरी फुटलंय, अडकलंय किंवा पिळलं गेलंय: रक्तवाहिनी, पोटातला अल्सर, अंडाशय. काही तासांत किंवा दिवसांत वाढणारा आजार जंतुसंसर्गाकडे किंवा दाहाकडे बोट दाखवतो. आठवडे आणि महिने सरकत जाणारा आजार ट्यूमर, जुनाट संसर्ग किंवा झीज यांच्याकडे. म्हणून ‘डोकेदुखी किती दिवसांपासून?’ एवढं विचारून थांबू नका. ‘ती सुरू झाली तेव्हा तुम्ही काय करत होता?’ असं विचारा. त्या क्षणी हातात काय होतं हे रुग्णाला नेमकं आठवत असेल, तर सबअरॅक्नॉइड रक्तस्राव (मेंदूभोवतीच्या आवरणांमध्ये होणारा) नाकारल्याशिवाय त्याला घरी पाठवता येत नाही.

३. रुग्ण भलतंच काहीतरी सांगत राहतो. माझ्या यादीतले प्रश्न कधी विचारू?

सुरुवातीची दोन मिनिटं तोंडातून शब्द काढू नका, बहुतेक रुग्ण तेवढ्यात स्वतःहून थांबतात. मग त्यांनी वापरलेल्या शब्दाच्या आत शिरा. ‘चक्कर येते’ हे नेहमीचं उदाहरण घ्या. गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे विचारायची जुनी पद्धत आहे, पण रुग्ण याचं उत्तर दर वेळी वेगळं देतात. किती वेळ टिकते आणि कशाने येते, याची उत्तरं जास्त पक्की असतात. अंथरुणात कूस बदलली की काही सेकंद येणारी चक्कर आतल्या कानातल्या कणांची. उभं राहिल्यावर येणारी रक्तदाबाची. दिवसभर न थांबणारी चक्कर एक तर व्हेस्टिब्युलर न्यूरायटिसची (तोल सांभाळणाऱ्या नर्व्हच्या दाहाची) किंवा मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकची, आणि या दोघांतला फरक डोळ्यांची हालचाल नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

४. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी वॉर्डात खरंच उपयोगी पडतात का? की परीक्षेपुरत्याच?

त्यांच्याशिवाय लक्षणांची नुसती यादी पाठ होते, आणि रुग्ण त्या यादीबरहुकूम आजारी पडत नाही.

अपेंडिसाइटिसचं दुखणं आधी बेंबीभोवती का सुरू होतं? अपेंडिक्सच्या आतल्या वेदनातंतूंचा प्रवास दहाव्या थोरॅसिक सेगमेंटपर्यंत जातो, आणि बेंबीची त्वचाही त्याच सेगमेंटची. दाह बाहेरच्या पेरिटोनियमला पोचला की दुखणं उजवीकडे खाली सरकतं, कारण तिथले तंतू नेमकी जागा सांगतात. आता हे कळल्यावर पुढचं स्वतःहून सुचतं: अपेंडिक्स सीकमच्या मागे असेल तर पोटाची पुढची भिंत मऊ राहू शकते आणि दुखणं कमरेत जाणवू शकतं. डायफ्रॅमखाली रक्त साचलं की खांद्याचं टोक दुखतं, कारण फ्रेनिक नर्व्ह मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या सेगमेंटमधून निघते.

न्यूरॉलॉजीत तर ‘कुठे’ हे ठरल्याशिवाय ‘काय’ विचारूच नये. अर्धा चेहरा वाकडा झालेला रुग्ण कपाळाला आठ्या घालू शकतो का, हे पाहा. घालू शकत असेल तर इजा बहुधा मेंदूत वर आहे, कारण कपाळाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या कॉर्टेक्सकडून आदेश मिळतात. कपाळही निश्चल असेल तर सहसा सातवी नर्व्ह स्वतःच बाधित आहे.

५. बघणं, हात लावणं, ठोकणं, ऐकणं हा क्रम पोटाच्या तपासणीत का बदलतो?

पोट दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात, म्हणून आधी ऐकायचं आणि मग हात लावायचा. हात दुखऱ्या जागेपासून लांब ठेवून सुरुवात करा आणि दाबताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असू द्या. पर्कशनची पद्धत ऑएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली आणि लाएनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप आणला, म्हणजे ठोकून ऐकायची कला स्टेथोस्कोपपेक्षा जुनी आहे. ती घाईत गाळू नका. छातीत पाणी आहे की फुप्फुस घट्ट झालंय, हे डल नोट (ठोकल्यावर येणारा बद्द आवाज) आणि व्होकल रेझोनन्स (रुग्ण बोलताना स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा आवाज) मिळून आजही खाटेपाशीच सांगतात.

६. डिफरन्शियलमध्ये (संभाव्य निदानांच्या यादीत) किती आजार लिहायचे? एक्झामिनर म्हणतात तीन, पुस्तकात असतात पंचवीस.

आकडा महत्त्वाचा नाही. दोन वेगळे प्रश्न स्वतःला विचारा: सगळ्यात शक्य काय आहे, आणि चुकवलं तर जीव जाईल असं काय आहे? या दोन याद्या क्वचितच सारख्या असतात. छातीत दुखणाऱ्या तरुणाला बहुधा स्नायूंचं दुखणं असेल, पण हार्ट अ‍ॅटॅक, एओर्टाचं डिसेक्शन (मुख्य धमनीची भिंत आतून चिरणं), पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसातली गुठळी), टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत दाबाने अडकलेली हवा), टॅम्पोनाड (हृदयाभोवतीच्या द्रवाचा दाब) आणि अन्ननलिका फाटणं हे सहा मनातून जाणीवपूर्वक काढून टाकावे लागतात. प्रत्येक नावापुढे ‘याच्या बाजूने काय, याच्या विरुद्ध काय’ अशी एकेक ओळ लिहा. ज्याच्यापुढे दोन्ही रकाने रिकामे राहतात ते नाव तुम्ही नुसतं पुस्तकातून उतरवलंय.

७. टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांत पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांत निगेटिव्ह येण्याचं प्रमाण) ९५ टक्के आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. म्हणजे आजार असण्याची शक्यता ९५ टक्के ना?

नाही. हा गैरसमज इतका खोल रुजलेला आहे की १९७८ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला, तेव्हा फक्त ११ जणांनी बरोबर उत्तर दिलं.

त्यांचाच प्रश्न सोडवू. हजारात एकाला होणारा आजार आहे, आणि निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येतो. हजार लोक तपासले. खरा रुग्ण एक, तो पॉझिटिव्ह आला असं धरू. उरलेल्या ९९९ निरोगी लोकांपैकी सुमारे ५० जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५१ पॉझिटिव्ह रिपोर्टांमागे खरा आजारी एक. शक्यता सुमारे २ टक्के.

आता ९५ टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ९५ टक्के स्पेसिफिसिटी असलेली तुमची टेस्ट अशा हजार लोकांत वापरा, ज्यांच्यातल्या निम्म्यांना हिस्टरीवरून आजार असेल असं वाटतंय आणि खरोखर आहेही. ४७५ खरे पॉझिटिव्ह आणि २५ खोटे. शक्यता ९५ टक्के! टेस्टचं मशीन चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही. ती कुणाची केली, यावर सगळं ठरलं. म्हणूनच ‘काही वाटत नाही, तरी एकदा करून टाकू’ अशा टेस्टमधून निघालेला पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुतेकदा निरोगी माणसाच्या मागे लागतो, आणि त्यातून पुढे बायोप्सी, औषधं, भीती असं सगळं सुरू होतं. रिपोर्ट उघडण्याआधी स्वतःचा अंदाज टक्क्यांत कागदावर लिहा. ही सवय पहिल्या वॉर्डापासून लावा, यासाठी माझा अगदी आग्रह आहे.

८. लाइकलिहूड रेशो खाटेपाशी वापरायचा कसा? कॅल्क्युलेटर घेऊन फिरायचं का?

गरज नाही. पॉझिटिव्ह लाइकलिहूड रेशो म्हणजे आजारी लोकांत ते चिन्ह सापडण्याचं प्रमाण भागिले निरोगी लोकांत सापडण्याचं प्रमाण. सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी ९१ टक्के असेल, तर ९० ला ९ ने भागा: १०. सोपा ठोकताळा असा की रेशो २ असेल तर शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, ५ असेल तर ३० ने, १० असेल तर ४५ ने. उलट दिशेने ०.५, ०.२ आणि ०.१ या रेशोंमुळे शक्यता तेवढ्याच पायऱ्यांनी घटते. तुमचा मूळ अंदाज १० ते ९० टक्क्यांच्या मध्ये असेल तरच हे चालतं. रेशो १ च्या आसपास असलेलं चिन्ह सापडलं काय आणि न सापडलं काय, फरक पडत नाही.

९. डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक) नक्की कधी करायचा? इमर्जन्सीत सगळ्यांचाच पाठवतात.

गुठळीची शक्यता कमी किंवा मध्यम असेल आणि ती नाकारायची असेल, तेव्हाच. निगेटिव्ह आला तर विषय संपतो. शक्यता जास्त असेल तर डी-डायमरवर थांबू नका, थेट इमेजिंगकडे जा, कारण तिथे निगेटिव्ह रिपोर्टही पुरेसा दिलासा देत नाही (का ते प्रश्न ७ मध्ये आहे). पॉझिटिव्ह डी-डायमरने गुठळी सिद्ध होत नाही. गरोदरपण, शस्त्रक्रिया, कॅन्सर, संसर्ग, वाढतं वय, सगळ्यांत तो चढतो. नेहमीची मर्यादा ५०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर असते. पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी मर्यादा वापरता येते, म्हणजे ७२ वर्षांच्या व्यक्तीसाठी ७२०.

१०. एखादी व्हॅल्यू रेंजच्या थोडी बाहेर आहे. घाबरायचं का?

रेफरन्स रेंज बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर त्यातली एक तरी बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. एकटी पडलेली, जेमतेम बाहेर गेलेली आणि रुग्णाशी न जुळणारी व्हॅल्यू आधी पुन्हा तपासा. पोटॅशियम अचानक ६.५ आलं आणि रुग्ण ठणठणीत आहे, तर नमुना हिमोलाइज्ड झालाय का (त्यातल्या लाल पेशी फुटल्यात का) ते लॅबला विचारा. पण तोवर ईसीजी काढा, कारण ही व्हॅल्यू खरी निघाली तर हाताशी वेळ नसतो.

उलट चूक जास्त घातक आहे. क्रिएटिनिन ०.६ वरून दोन दिवसांत १.१ झालं. दोन्ही आकडे रेंजमध्ये, रिपोर्टवर लाल खूण नाही, आणि मूत्रपिंडाला मात्र तीव्र इजा झालेली आहे. सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झालं तरी ती अक्यूट किडनी इंज्युरी धरतात. जुने रिपोर्ट मागवायचा कंटाळा करू नका.

११. रिपोर्ट नॉर्मल आला. आता आजार नाही असं सांगू का?

आधी घड्याळ बघा. आजार सुरू होऊन किती वेळ झाला, आणि ती तपासणी बदलायला किती वेळ लागतो, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ‘नॉर्मल’ला अर्थ नाही.

खूप रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन पहिल्या तासात नॉर्मल येऊ शकतं. त्याने पेशी आणि प्लाझ्मा एकाच प्रमाणात गमावलेले असतात, त्यामुळे उरलेल्या रक्ताची घनता तीच राहते. ऊतींतलं पाणी रक्तवाहिन्यांत आलं किंवा तुम्ही सलाइन दिलं की आकडा उतरतो. तोवर नाडी, हातापायांचा गारठा आणि लघवीचं प्रमाण हेच खरं सांगतात. ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वेदना सुरू झाल्याबरोबर चढत नाही, म्हणून ठरावीक तासांनी दुसरा नमुना घेतात आणि दोन्हींतला फरक पाहतात. पहिला ईसीजी नॉर्मल असूनही हार्ट अ‍ॅटॅक असू शकतो. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढायचा असतो. सीआरपी (दाह झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन) वाढायला साधारण सहा तास आणि शिखराला पोचायला दोन दिवस लागतात. डोक्याच्या सीटी स्कॅनचं उलटं आहे: सबअरॅक्नॉइड रक्तस्रावात पहिल्या सहा तासांत तो फार क्वचित चुकतो, पण दिवस जातील तसं रक्त विरघळतं आणि स्कॅन ‘नॉर्मल’ दिसू लागतो. उशिरा आलेल्या रुग्णात लंबर पंक्चरचा (कमरेतून सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी तपासण्याचा) विचार त्यासाठीच.

काही वेळा नॉर्मल आकडाच धोक्याची घंटा असतो. दम्याचा तीव्र झटका आलेला रुग्ण भराभर श्वास घेतो, त्यामुळे त्याचा कार्बन डायऑक्साइड कमी असायला हवा. तो ४० आला तर रुग्ण थकत चाललाय. छातीतली शिट्टी थांबली आणि रुग्ण गप्प झाला, तर ते बरं होणं समजू नका. त्याच्या फुप्फुसात हवाच जात नाहीये. ताबडतोब वरिष्ठांना बोलवा.

१२. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तरी रुग्णाला ऑक्सिजन कमी पडत असू शकतो का?

हो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करत नाही. आगीच्या धुरातून आलेल्या माणसाला ९८ दाखवेल, म्हणून तिथे को-ऑक्सिमेट्री (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी रक्ततपासणी) लागते. मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं बदललेलं हिमोग्लोबिन) खूप वाढलं की आकडा ८५ च्या आसपास अडकतो आणि ऑक्सिजन देऊनही हलत नाही. गडद त्वचेत हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. तीव्र रक्तक्षयात टक्केवारी उत्तम असते, पण वाहून नेणारं हिमोग्लोबिनच थोडं असतं.

याच कारणाने सायनोसिस (त्वचेचा निळेपणा) रक्तक्षयात लपतो. तो दिसायला केशवाहिन्यांत सुमारे ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन लागतं. ज्याचं एकूण हिमोग्लोबिनच ६ आहे, तो निळा पडायच्या कितीतरी आधी दगावेल.

१३. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू आणि आम्लतेची तपासणी) वाचताना अ‍ॅनायन गॅप नॉर्मल येतो, तरी सर म्हणतात गॅप वाढलेला आहे. कसं?

अल्ब्युमिन विसरलात. गॅप म्हणजे सोडियम वजा क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज. तो नेहमी जेवढा असतो, त्यातला मोठा वाटा अल्ब्युमिनचा असतो. अल्ब्युमिन १ ग्रॅमने कमी झालं की अपेक्षित गॅप सुमारे २.५ ने उतरतो. सोडियम १३८, क्लोराइड ११२, बायकार्बोनेट १४ असेल तर गॅप १२, दिसायला ठीक. पण अल्ब्युमिन ४ ऐवजी २ असेल तर ५ मिळवा: १७. आता लॅक्टेट आणि कीटोन शोधायला हवेत.

पुढची पायरी म्हणजे अपेक्षित कार्बन डायऑक्साइड: बायकार्बोनेट गुणिले दीड, अधिक ८, दोनने इकडे-तिकडे. बायकार्बोनेट १२ असेल तर २६ अपेक्षित. प्रत्यक्षात ३६ आला, तर तो रेंजच्या आसपास दिसत असूनही श्वसन कमी पडतंय. प्रश्न ११ मधल्या दम्याच्या रुग्णासारखीच ही स्थिती आहे.

१४. मर्मर (हृदयातून ऐकू येणारा जादा आवाज) जितका मोठा तितका व्हॉल्व्ह जास्त खराब, हे बरोबर ना?

एओर्टिक स्टेनोसिसमध्ये तर नक्कीच नाही. हृदय थकलं की अरुंद व्हॉल्व्हमधून जाणारं रक्तच कमी होतं आणि मर्मर मंद पडतो. गंभीरता ओळखायची ती उशिरा शिखर गाठणाऱ्या मर्मरवरून, मंद झालेल्या दुसऱ्या ध्वनीवरून आणि सावकाश चढणाऱ्या नाडीवरून.

बाजू ओळखायला रुग्णाला श्वास घ्यायला सांगा. उजव्या बाजूचे मर्मर श्वास आत घेताना वाढतात, कारण उजवीकडे रक्त जास्त येतं. उभं राहिल्यावर किंवा व्हॅल्साल्व्हाच्या (तोंड-नाक बंद ठेवून जोर लावण्याच्या) वेळी बहुतेक मर्मर कमी होतात. हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपॅथीचा (हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडवतो तो आजार) मात्र वाढतो: पोकळी लहान होते आणि अडथळा घट्ट होतो.

१५. रिफ्लेक्स गेले आणि पाय लुळे पडले, म्हणजे लोअर मोटर न्यूरॉन (मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतचा तंतू) बाधित. बरोबर?

इजा ताजी असेल तर खात्री देता येत नाही. मज्जारज्जूला अचानक इजा झाली की स्पायनल शॉकमध्ये सुरुवातीला सगळं लुळं असतं, कडकपणा आणि तीव्र रिफ्लेक्स नंतर येतात. त्यामुळे अशा रुग्णात संवेदनेची पातळी पाठीवरही शोधा आणि लघवीबद्दल विचारा. ठरावीक पातळीखाली संवेदना गेली असेल आणि लघवी अडली असेल, तर गिलान-बारे (नर्व्ह बाधित करून पाय लुळे करणारा आजार) धरून बसू नका, मणक्याचा एमआरआय तातडीने करा.

१६. कोणत्या रुग्णांत नेहमीची चिन्हं दगा देतात?

बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) घेणाऱ्याची नाडी रक्तस्रावातही वाढेलच असं नाही. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या पोटात आतडं फुटलं तरी पोट मऊ लागू शकतं. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींना हार्ट अ‍ॅटॅक छातीत न दुखता येऊ शकतो: नुसता दम, घाम, उलटी. वृद्धांत न्यूमोनिया ताप आणि खोकल्याशिवाय, केवळ एका दिवसात आलेल्या गोंधळलेपणाने समोर येतो. घरच्यांनी ‘कालपासून वेगळंच बोलतायत’ म्हटलं तर ते वयावर ढकलू नका.

गरोदरपणात नॉर्मलच बदलतं. कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास असतो आणि क्रिएटिनिन उतरतं. प्रश्न १० आणि ११ ची उत्तरं गरोदर स्त्रीला लावताना हे नवे आकडे धरा.

१७. सगळी लक्षणं एकाच आजारात बसवायची की दोन आजार मानायचे?

तरुण, आधी निरोगी असलेल्या रुग्णात एकच आजार शोधणं सहसा फायद्याचं ठरतं. वृद्ध रुग्णात दोन-तीन आजार एकत्र नांदणं अगदी सामान्य आहे. दोन्हीकडे कामाला येणारा प्रश्न एकच: माझ्या निदानात काय बसत नाहीये? सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) रुग्णाच्या नखांचं क्लबिंग (बोटांची टोकं फुगून नखं बाकदार होणं) झालेलं दिसलं तर ते सीओपीडीच्या खात्यात टाकू नका, कारण एकट्या सीओपीडीने क्लबिंग होत नाही. फुप्फुसाचा कॅन्सर आणि ब्राँकिएक्टेसिस शोधा. आधीच्या शिफ्टने दिलेलं निदान असेल तर हा प्रश्न दुप्पट गरजेचा. फाइलवर छापून आलेल्या नावाला एक वजन येतं आणि मग न बसणारी गोष्ट नजरेसमोर असून दिसत नाही.

१८. सगळं करूनही निदान झालं नाही तर फाइलवर काय लिहू?

खरं ते लिहा: ‘कारण न सापडलेला ताप’, ‘कारण अस्पष्ट असलेली पोटदुखी’. अंदाजाने एखादं नाव चिकटवलं की पुढचा डॉक्टर शोध थांबवतो. पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ साली अशा तापाची व्याख्या केली: तीन आठवड्यांहून जास्त, वेळोवेळी ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर, आणि रुग्णालयात आठवडाभर शोधूनही कारण नाही. ही व्याख्या नंतर बदलत गेली, पण तिच्यामागची शिस्त टिकली आहे. हिस्टरी पुन्हा पहिल्यापासून घ्या, प्रवास, प्राणी, औषधं यांच्यासकट. रोज अंगभर तपासा. काल नसलेला मर्मर आज असतो, गाठ आज हाताला लागते, पुरळ संध्याकाळीच उमटतं. चालू औषधांपैकी जी थांबवता येतील ती वरिष्ठांशी बोलून थांबवा, ताप औषधाचाही असतो.

रुग्णाला घरी पाठवत असाल तर ‘काही नाही’ असं म्हणू नका. आज काय नाकारलं, काय अजून माहीत नाही, कोणती लक्षणं दिसली तर त्याच रात्री परत यायचं आणि काहीच झालं नाही तरी कोणत्या तारखेला दाखवायचं, हे त्याला सांगा आणि कार्डावर लिहूनही द्या.